थायरॉईडजन्य संन्यास : एक आत्ययिक अवस्था

थायरॉईड हा शब्द आता खेड्यापाड्यांतही अपरिचित राहिलेला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हायपोथायरॉईडिझम आढळला. बहुसंख्य रुग्णांत हा व्याधी वर्षानुवर्षे संथपणे चालतो. त्यामुळे ‘थायरॉईडने कोणी दगावत नाही’ असा समज रूढ झाला आहे. हा समज घातक आहे. दीर्घकाळ उपचाराविना राहिलेला तीव्र हायपोथायरॉईडिझम एखाद्या निमित्ताने ‘मिक्सिडिमा कोमा’ या अवस्थेत परिणत होतो. ही अवस्था विरळ खरी. परंतु अतिदक्षता विभागातील उपचार मिळूनही तीत २० ते ५० टक्के मृत्यू नोंदले गेले आहेत. फुलसावंगीसारख्या गावात असा रुग्ण प्रथम वैद्याकडेच आणला जाण्याचा संभव अधिक, म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वपीठिका

लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ मध्ये या व्याधीचे वर्णन केले आणि १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्यास ‘मिक्सिडिमा’ हे नाव दिले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क सूचीद्वारे देऊन एका ४६ वर्षांच्या स्त्रीवर उपचार केले. ती स्त्री पुढे २८ वर्षे जगली. जो स्राव शरीरात नाही तो बाहेरून पुरविला असता रुग्ण जगतो, हे तत्त्व तेव्हापासून सिद्ध आहे.

ओळखावे कसे?

रुग्ण बहुधा साठीच्या पुढील स्त्री असते आणि ऋतू बहुधा हिवाळ्याचा. नातेवाईक सांगतात, “म्हातारपणामुळं सुस्ती आली, दोन दिवसांपासून नुसती झोपूनच आहे.” चेहरा सुजलेला, पापण्या जड, जीभ मोठी, आवाज घोगरा, त्वचा कोरडी व थंड, भुवयांचे बाहेरील केस विरळ, मलावरोध जुना. पायांवर सूज असते, पण बोटाने दाबल्यास खड्डा पडत नाही. घोट्यामागील कंडरेवर हातोडीने आघात केल्यास पाऊल हलते. मात्र पूर्वस्थितीस येण्यास विलंब लागतो. मानेवर शस्त्रक्रियेचा व्रण आहे काय, हे आवर्जून पाहावे.

या पार्श्वभूमीवर तंद्रा वा भ्रम, देहोष्म्याचा ऱ्हास आणि मंद नाडी ही त्रयी दिसली की संशय पक्का धरावा. श्वसन मंद होते, रक्तदाब उतरतो, रक्तातील सोडियम व साखर कमी होते. येथे एक व्यावहारिक अडचण आहे. आपल्याकडील काचेच्या तापमापीची मोजणी सुमारे ९४ अंश फॅरनहाइटपासून सुरू होते. पारा तळाशीच राहिला तर आपण ‘ताप नाही’ असे लिहून मोकळे होतो. वस्तुतः त्याच वेळी रुग्णाचे तापमान धोक्याच्या पातळीखाली गेलेले असू शकते. जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही, हे या अवस्थेचे फसवे वैशिष्ट्य होय.

निमित्तकारणे

न्यूमोनिया वा मूत्रमार्गाचा संसर्ग, थंडी, हृद्रोगाचा वा पक्षाघाताचा झटका, शस्त्रक्रिया, झोपेची औषधे आणि चालू गोळी बंद करणे ही प्रमुख निमित्ते होत.

यांपैकी शेवटचे निमित्त आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असते. गोळी सोडल्यावर पहिले काही आठवडे रुग्णास काहीच जाणवत नाही. त्याच सुमारास कांचनार गुग्गुळ सुरू केलेला असल्यास ‘गुण आला’ असा भास रुग्णास होतो आणि वैद्यासही. न्यूनता मात्र आत साचत जाते व काही महिन्यांनी एखाद्या संसर्गाच्या निमित्ताने प्रकट होते. ग्रंथी काढून टाकलेल्या अथवा नष्ट झालेल्या रुग्णात कोणतेही औषध तिच्याकडून स्राव निर्माण करवू शकत नाही. म्हणून आपली औषधे अवश्य द्यावीत. परंतु चालू गोळी रुग्णास परस्पर सोडू देऊ नये आणि टीएसएच नियमित तपासावे. मात्रा बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी आवश्यक होय.

शास्त्रदृष्टी

धात्वग्निमांद्य, कफवृद्धी व स्रोतोरोध या संप्राप्तीने हायपोथायरॉईडिझमचा विचार आपण करतो. त्याच्या या अंतिम अवस्थेचे साम्य संन्यासाशी आहे. मद व मूर्च्छा वेग ओसरल्यावर शमतात, संन्यास औषधाविना शमत नाही, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. खोल पाण्यात बुडणारे भांडे तळाशी जाण्यापूर्वी जसे त्वरेने धरावे, तशी त्वरा त्यांनी येथे अपेक्षिली आहे.

काय टाळावे, काय करावे

थंड पडलेला रुग्ण पाहताच घरचे लोक शेगडी पेटवितात, गरम विटांनी शेकतात. वैद्यासही स्वेदनाचा मोह होतो. हे टाळावे. बाहेरून जोराने उष्णता दिल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात आणि आधीच उतरलेला रक्तदाब कोसळतो. चरकोक्त अस्वेद्यांच्या गणनेत नष्टसंज्ञ रुग्णाचा समावेश आहेच. खोली बंद करून ब्लँकेटमध्ये गुंडाळणे एवढेच पुरेसे. बेशुद्धाच्या मुखात काढा, मध वा पाणी घालू नये. ते श्वासमार्गात जाते. झोपेचे वा गुंगीचे औषध देऊ नये. साधे ग्लुकोजचे सलाइन भराभर चढवू नये, सोडियम आणखी उतरते. मात्र ग्लुकोमीटरवर साखर कमी आढळल्यास शिरेवाटे संहत ग्लुकोज तत्काळ द्यावे.

रुग्णास कुशीवर ठेवावे, श्वासमार्ग मोकळा राखावा, उपलब्ध असल्यास ऑक्सिजन द्यावा आणि १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. २०१४ पासून राज्यात चालू असलेल्या या सेवेत आपलेच अनेक बीएएमएस बंधू-भगिनी कार्यरत आहेत. यवतमाळ वा नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा पल्ला आपल्या भागातून लांबचा आहे. म्हणून निर्णयास विलंब नको. सोबतच्या चिठ्ठीत नाडी, रक्तदाब, तापमान, साखर, गोळी केव्हापासून बंद आहे ते आणि ‘मिक्सिडिमा कोमाचा संशय’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. रुग्णालयात त्या तीन शब्दांनी बराच वेळ वाचतो.

तेथे टीएसएचसाठी रक्त घेतले जाते, पण अहवालाची वाट पाहिली जात नाही. अधिवृक्क ग्रंथीची न्यूनता सोबत असू शकते, म्हणून प्रथम हायड्रोकॉर्टिझोन व त्यानंतर थायरॉक्सिन हा क्रम पाळतात. शिरेवाटे प्रारंभिक मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. वृद्ध व हृद्रोगी यांस ती कमी देतात. शिरेवाटे देण्याचे औषध सर्वत्र मिळत नाही. अशा वेळी गोळ्यांची पूड राईल्स नळीतून दिली जाते. कृत्रिम श्वसन, प्रतिजैविके व सोडियमचे सावध नियमन यांची जोड लागते.

ही सामग्री आपल्या चिकित्सालयात नसते आणि त्यात उणेपणा नाही. संशय घेणे, अपाय टाळणे व वेळेत पुढे पाठविणे हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. येत्या हिवाळ्यात सुजल्या चेहऱ्याची, मंद नाडीची, सुस्तावलेली आजी दारी आली, तर वैद्यांनी तापमापी पुन्हा एकदा पाहावी, एवढीच विनंती.