अंबरनाथची भिंत बघताना

कल्याण सोडलं की कर्जतकडची लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर घेत अंबरनाथला येते. पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला ‘शिवमंदिर’ एवढंच सांगायचं. दुकानं, चाळी, नव्या इमारती यांच्या दाटीतून रिक्षा वालधुनीच्या काठी पोचते आणि समोर मोकळं आवार दिसतं. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात एवढी मोकळी जागा उरायला कायद्याचाही हात लागला आहे. मंदिर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या नियमानुसार अशा वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते.

बहुतेक मंडळी चपला काढून थेट आत जातात, दर्शन घेतात, बाहेर एक फोटो काढतात आणि निघतात. मला मात्र आधी बाहेरून फिरावंसं वाटतं, तेही सकाळच्या तिरप्या उन्हात. मंदिर काळ्या बेसाल्टचं आहे. डोक्यावर ऊन आलं की सगळी भिंत एकसारखी काळी दिसते, कोरीवकाम तिच्यात बुडून जातं. ऊन बाजूने आलं तरच नाक, दंड, दागिना आपापली सावली टाकतात. मंदिराचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी दर्शनी बाजू सावलीत असते आणि मागची, गाभाऱ्याची भिंत उजळते.

प्रदक्षिणेच्या वाटेने निघालो की पहिली लागते उत्तर बाजू. इथे नजर जोत्यापासून वर न्यावी. खाली आडवे थर, त्यांत कीर्तिमुखं, हत्तींची रांग. त्यावर देवदेवता आणि सुरसुंदरी. भिंत सरळ जातच नाही, दर दोन पावलांवर एक कोन बाहेर येतो, पुढचा आत जातो. मंडप आणि गाभारा हे दोन चौरस कोपऱ्याला कोपरा भिडवून बसवले आहेत, आणि त्यांच्या बाजू पुन्हा कोनाकोनांत मोडल्या आहेत. प्रत्येक कोनाला दोन अंगं, म्हणजे मूर्तींना दुप्पट जागा आणि उन्हाला सावली पाडायला दुप्पट कडा.

ईशान्येकडच्या भागात तीन मुखांचा देव आणि त्याच्या मांडीवर देवी आहे. हात तुटले आहेत, चेहरे पावसाने बोथट केले आहेत, तरी देवीच्या बसण्यातला सैलपणा अजून दगडात शाबूत आहे. पुढे आग्नेयेला काली. तिच्याकडे ऊन थेट येतं, म्हणून तिच्या अंगावरच्या छिन्नीच्या खुणा शोधायला सोपं जातं.

इथून वर बघितलं की शिखराची रचना कळते. चार बाजूंना जोत्यापासून चढत गेल्यासारखे चार उभे पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या एकावर एक ओळी. ही भूमिज शैली. माळव्यात परमारांनी ती वाढवली, त्यांचं उदयपूरचं उदयेश्वर मंदिरही याच अकराव्या शतकातलं. अंबरनाथला ‘हेमाडपंती’ म्हणायची सवय आहे, पण यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. हे मंदिर त्याच्या दोनशे वर्षं आधी उभं होतं.

त्याचा पुरावा उत्तरेच्या दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या तुळईवर आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला हा शिलालेख, शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. पुराविद भाऊ दाजींनी त्यातलं वर्ष ७८२ असं वाचलं होतं, पुढे भगवानलाल इंद्रजी या दुसऱ्या अभ्यासकाने ते दुरुस्त केलं. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षं अलीकडे आलं. १८६८ मध्ये सरकारने मुंबईच्या कला विद्यालयातल्या मंडळींकडून इथली मोजमापं, रेखाटनं आणि प्लास्टरचे साचे करून घेतले. कुठली मूर्ती कधी झिजली हे ताडून बघायला आज त्यांचाच आधार.

मंडपात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. मग चार कोरीव खांब दिसतात आणि त्यांच्यावर तोललेलं छत. ही कमान नव्हे. दगडाचं एक कडं, त्यावर थोडं आत सरकलेलं दुसरं, त्यावर तिसरं, अशी कडी लहान होत वर मिटतात. दगड दगडाच्या वजनाने धरलेला असतो. खांब हाताच्या उंचीला तुळतुळीत झाले आहेत, त्याच्या वर मात्र नक्षी खरखरीत.

गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. शिखराचा वरचा भाग आज नाही, तिथून उजेड खाली येतो. खाली ओल, बेलाचा आणि धुपाचा वास. पिंडीवर पाणी पडतं, फुलं साचतात, पुजारी ती गोळा करून बाजूला काढतो, तोवर पुढचा तांब्या ओतला जातो.

चालत्या पूजेतलं मंदिर जपणं किती वेगळं, हे पूजा थांबलेल्या देवस्थानाशी ताडून बघितलं की कळतं. इंग्लंडमधल्या चेस्टर शहरात एका छोट्या बागेत रोमन देवी मिनर्व्हाचं असं देवस्थान आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला खाणीच्या कड्यावर कोरलेली ही मूर्ती अजून मूळ जागीच आहे. दगड वालुकाश्म, त्यामुळे देवी जवळजवळ पुसून गेली आहे. एकोणिसाव्या शतकात तिच्याभोवती दगडी चौकट बसवली. तिथे आता कुणी नवस बोलत नाही, त्यामुळे जपणाऱ्यांची लढाई फक्त हवापाण्याशी. अंबरनाथला पाऊस आहेच, शिवाय रोजचा अभिषेक, तेल, हजारो तळवे आणि महाशिवरात्रीची यात्रा. बेसाल्ट कठीण म्हणून एवढं सोसतो. पाणी बंद करा म्हणणं सोपं आहे, पण ज्यासाठी हा गाभारा खोल खणला तेच बंद करून उरेल ती नुसती इमारत. ओल निचरून नेणं, शेवाळ वेळेवर काढणं, भिंतीला गंध-तेल न लावण्याची शिस्त, एवढं तरी जपणारे आणि पूजणारे, दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नसावी.

हिवाळ्यात या, आठवड्यातल्या मधल्या वारी, आणि शिवरात्रीचा दिवस भिंत बघायला निवडू नका. इथलं शिखर पुरं असतं तर कसं दिसलं असतं, असा प्रश्न पडला तर पुढची सहल सिन्नरच्या गोंदेश्वराची करा. तिथे भूमिज शिखर कळसापर्यंत शाबूत आहे, आणि अंबरनाथला पट्टे मोजून आलेल्याला त्याच्यापुढे वाटाड्या लागत नाही.