आजीचं टेबल, बाथरूममध्ये!

रीडेव्हलपमेंटच्या पसाऱ्यात भंगारात निघालेलं सागवानी फर्निचर आता बेसिनखाली उभं राहतंय. लुक एकदम हटके... पण करवत चालवण्याआधी जरा थांबा!

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली की घरोघरी एक सीन ठरलेला असतो. फ्रिज, टीव्ही, गाद्या टेम्पोत चढतात आणि रिकाम्या हॉलमध्ये उरतं आजोबांचं लिहायचं टेबल, आजीचं आरशाचं टेबल नाहीतर शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड. नव्या टू बीएचकेत त्याला जागा नसते. मग ‘येईल त्या भावात द्या’ म्हणत ते भंगारवाल्याच्या हवाली होतं. अशीच टेबलं पुढे पॉलिश होऊन ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये किंवा चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर ‘अँटिक’ म्हणून मिरवतात. तेव्हा त्यांची किंमत ऐकून आपलेच डोळे पांढरे होतात!

हॉलमध्ये जागा नसेल, तर बाथरूममध्ये आहे का बघा. जुन्या टेबलावर किंवा बुटक्या कपाटावर बेसिन बसवायचं, खालच्या खणांत टॉवेल आणि शाम्पू. झालं व्हॅनिटी युनिट! तशी ही आयडिया नवी नाहीच. घरात नळ येण्याआधी युरोपात बेडरूममध्ये वॉशस्टँड असायचं. म्हणजे लाकडी टेबल, वर बहुतेकदा संगमरवर आणि त्यावर पाण्याचा जग आणि भांडं. आपल्याकडे मात्र लाकूड आणि पाणी यांची गाठ फारशी पडू दिली जायची नाही. मोरीत दगडी फरशी, पितळी घंगाळ आणि लाकडाचा म्हणाल तर एक पाट. आपल्या आज्या हुशार होत्या, त्याचं कारण पुढे येईलच.

सध्या बाजारात मिळणारी बरीच स्वस्त व्हॅनिटी युनिट्स पार्टिकल बोर्डची असतात. कडेच्या पट्टीतून एकदा पाणी शिरलं की बोर्ड बिस्किटासारखा फुगतो आणि परत बसत नाही. सागवानाचं तसं नाही. त्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून तर जहाजांच्या डेकसाठी ते वापरलं जायचं. ब्रह्मदेशातल्या सागवानाचा मुंबईशी जुना संबंध आहे. त्या व्यापारातली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन इथे १८६३ साली स्थापन झाली. तुमच्या घरातलं टेबल बर्मा टीकचं असेलच असं नाही, पण अस्सल सागवान किंवा शिसव असेल तर अर्धी लढाई जिंकलात. देवदारी खोक्यांच्या लाकडाचं असेल, तर बाथरूमचा नाद सोडा. पायांच्या आसपास बारीक पिवळा भुसा पडत असेल, तर आधी किडीचा बंदोबस्त, मग बाकीचं.

लाकूड टिकतं, पण त्यावरचं पॉलिश आणि आतला सांधा दगा देतो. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ओला ग्लास ठेवला की पांढरा डाग पडतो, आफ्टरशेव्ह सांडलं तर पॉलिशच उतरतं! बाथरूमसाठी ते पूर्ण काढून पीयूचे हात द्यावे लागतात. तेही फक्त वरून नाही, तर खालून, मागून आणि बेसिनसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेलासुद्धा. पाणी शिरतं ते तिथूनच. सांध्यांचंही तसंच. फेव्हिकॉल १९५९ साली आलं. त्याआधीचं फर्निचर बहुधा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवलेलं असतं आणि सरस ओलाव्याने मऊ पडतो. सांधे सुटे करून पुन्हा भरून घ्या. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. तुमचं कपाट त्याच्या कितीतरी आधीचं!

आता टेप घ्या. बाथरूमचं दार बहुतेक फ्लॅट्समध्ये अडीच फुटी किंवा त्याहूनही अरुंद असतं, त्यामुळे टेबल आत जातं का हे आधी बघा (हसू नका, हे होतं!). बेसिनची कड जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांवर सोयीची पडते. लिहायचं टेबल साधारण ३० इंच उंच. त्यावर पाच-सहा इंचांचं वाडग्यासारखं बेसिन ठेवलं तर तोंड धुताना कोपरावरून पाणी ओघळणार. अशा वेळी बेसिन टेबलात अर्धं उतरवा. खालच्या बॉटल ट्रॅपला जागा लागते, म्हणजे वरचा मधला खण गेला. त्याची पुढची फळी कायमची लावून टाका, लुक तसाच राहतो. सुतार आणि प्लंबरला एकाच दिवशी बोलवा, नाहीतर एकाने पाडलेलं भोक दुसऱ्याला चालत नाही.

खरी गोची आपल्या बाथरूमच्या सवयींची आहे. आपण बादली-मगाने आंघोळ करतो आणि नंतर अख्खी फरशी खराट्याने धुतो. मासिकांतल्या फोटोंत दिसणारे कोरडे बाथरूम आपले नव्हेत. त्यामुळे सागवान असो की शिसव, पायांची टोकं रोज पाण्यात राहिली तर कुजणारच. बेसिन बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये असेल, तर तीच बेस्ट जागा. आतच ठेवायचं असेल, तर काचेचं पार्टिशन करा आणि पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे किंवा पितळी बूट द्या. यातलं काहीच जमणार नसेल, तर टेबल हॉलच्या कोपऱ्यात जास्त सुखी राहील.

सगळंच कापायचं नसतं, हेही बजावून सांगते. हाताने कोरलेला, मूळ आरसा आणि पितळी कड्यांसकट शाबूत असलेला पीस एकदा भोक पाडलं की कायमचा गेला. तो भाच्याला द्या, विका, पण कापू नका. ज्याची वरची फळी आधीच तडकलीय, एखादा खण हरवलाय, असं जखमी फर्निचर यासाठी निवडा. त्याला खरंच दुसरा जन्म मिळतो. (देव्हाऱ्याचा विचारही नको, आई घरात घेणार नाही!)

पहिलाच प्रयोग असेल, तर माझं मत शिलाई मशीनच्या स्टँडला. बिडाचा सांगाडा वाळवी खात नाही. गंज घासून प्रायमर आणि एपॉक्सी पेंट मारा, वर ग्रॅनाइट टाका. कुठे लाकूडच नाही! मशीनचं डोकं जपून ठेवा, स्टँड पुन्हा मशीनला लावता येतो. पायपट्टी मात्र वेल्डिंगने किंवा बोल्टने पक्की करा. नाहीतर घरातली चिल्लीपिल्ली दात घासता घासता त्यावर झोके घेतील आणि मोठेही घेतील!