पुरावा किती, यापेक्षा कशाचा

लेख पटावा म्हणून अनेकजण त्यात आकडे ठासून भरतात. पुरावा म्हणजे मात्र नेमक्या त्याच दाव्याला आधार देणारी, तपासता येणारी माहिती. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला लाइट बिलासारखा पत्त्याचा पुरावा लागतो. घराचे दहा फोटो नेले तरी काम होत नाही.

अशा नेमक्या पुराव्याचं एक जुनं उदाहरण पाहा. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. सरकारी अहवालांवरून त्यांनी दरडोई उत्पन्न (एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या) काढलं: वर्षाला सुमारे २० रुपये. नुसता आकडा मुकाच. दादाभाईंनी त्याशेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला (खरं कसब इथे!). तो जास्त निघाला. आकडे सरकारचेच; सरकार ते खोटे कसे म्हणणार?