३५८४ कोअरची दोन कार्डं

एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड मार्च २०१७ मध्ये बाजारात आलं, तेव्हा खेळाच्या कार्डांत त्याच्या तोडीचं फारसं काही नव्हतं. किंमत होती ६९९ डॉलर. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ३२९ डॉलरचं आरटीएक्स ३०६० आलं. दोघांचे तपशील शेजारी ठेवले तर एक आकडा तंतोतंत जुळतो: ३५८४ कूडा कोअर. खेळांतला वेगही जवळपास सारखा; उलट जुनं कार्ड बऱ्याचदा थोडं पुढेच. म्हणजे कोअर मोजले की झालं, असं कुणालाही वाटेल.

मग तिसरं कार्ड घ्या. जानेवारी २०१९ चं आरटीएक्स २०६०, कोअर १९२०. या हिशेबाने ३०६० त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पळायला हवं. प्रत्यक्षात फरक साधारण वीस टक्क्यांचा. उरलेले कोअर गेले कुठे?

गेले कुठेच नाहीत, मोजायची रीत बदलली. ग्राफिक्स कार्डाला दोन जातींची गणितं करावी लागतात, दशांशाची आणि पूर्णांकांची. १०८० टीआयच्या पिढीत दोन्ही कामं एकच कोअर करायचा, पण एका वेळी एक. २०६० च्या पिढीत पूर्णांकांसाठी शेजारी वेगळा विभाग दिला. तो कोअरमध्ये धरला नाही. ३०६० च्या पिढीत त्याच विभागाला दशांशाचं गणितही येऊ लागलं आणि लगेच त्याची कोअरमध्ये गणती सुरू झाली. खेळ चालू असताना पूर्णांकांचं काम आलं की ही वाढीव फौज तिकडे गुंतते. आकडा खोटा नाही, पण २०१९ च्या आकड्यावर ठेवून मोजण्याच्या लायकीचाही नाही. कोअरची तुलना एकाच पिढीतल्या दोन कार्डांत करावी. पिढी बदलली की तो रकाना मी सरळ सोडून देतो.

बँडविड्थचा रकाना मात्र सोडू नये, कारण तो आकडा आपला आपल्याला पडताळता येतो. मेमरीच्या बसची रुंदी बिटांत घ्या, तिला मेमरीच्या वेगाने गुणा, आठाने भागा. १०८० टीआय: ३५२ गुणिले ११, भागिले ८, म्हणजे सेकंदाला ४८४ जीबी. ३०६०: १९२ गुणिले १५, भागिले ८, म्हणजे ३६०. जुनं कार्ड अजून मान वर ठेवून आहे ते कशाच्या जोरावर, ते इथे कळतं. ही मिजास २५० वॅट खाऊन येते हेही खरं. ३०६० ला १७० पुरतात. त्यामुळे जुनं थोर कार्ड स्वस्तात मिळालं तरी घरचा एसएमपीएस आधी बघावा.

आता जून २०२३ चं आरटीएक्स ४०६० बघा. कोअर ३०७२, मेमरी ८ जीबी, बस १२८ बिट, बँडविड्थ २७२. ३०६० चे कोअर ३५८४, मेमरी १२ जीबी. यांतल्या प्रत्येक रकान्यात नवीन कार्ड खाली, आणि तरीही बहुतेक खेळांत तेच पुढे, तेही ११५ वॅटमध्ये. यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे क्लॉक: बूस्टचा वेग १७७७ वरून २४६० मेगाहर्ट्‌झवर गेला. दुसरं कारण खोक्यावर क्वचितच छापतात. चिपच्या आतली एल-टू कॅश ३ एमबीची २४ एमबी झाली. मसाल्याचा डबा ओट्यावर हाताशी असला की माळ्यावरच्या बरण्यांकडे खेपा कमी होतात, तसं हे आहे. बँडविड्थ कमी, पण ती लागतेही कमी वेळा.

ही युक्ती कुठे तोकडी पडते? खेळाचं टेक्स्चर ८ जीबीत मावेनासं झालं की ४०६० अडखळतं आणि १२ जीबीवालं जुनं कार्ड शांतपणे चालत राहतं. घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवू पाहणारी मंडळी आजही ३०६० शोधतात ती याच ४ जीबींसाठी. शिवाय ४०६० ला मदरबोर्डाशी बोलायला सोळा नव्हे, आठच लेन आहेत. नव्या पीसीत त्याने बिघडत नाही. पण इंटेलच्या दहाव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या पीसीत पीसीआय एक्सप्रेसची तिसरी आवृत्ती असते, आणि तिथे या आठ लेनचा वेग सेकंदाला १६ जीबीवरून ८ वर येतो. मेमरी भरल्यावर नेमका हाच रस्ता लागतो. जुन्या पीसीत नवं कार्ड बसवणाऱ्याला हा फटका दुहेरी बसतो, आणि तपशिलाच्या तक्त्यात तो 'x८' एवढ्या बारक्या खुणेत असतो.

नावांचं तर विचारू नका. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्ये ६ जीबीवाल्याला १२८० कोअर, ३ जीबीवाल्याला ११५२. नाव मात्र तेच. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० चे असेच दोन अवतार जाहीर झाले, ९७२८ आणि ७६८० कोअरचे. या वेळी इतकी ओरड झाली की कंपनीने धाकटा मागे घेतला आणि जानेवारी २०२३ मध्ये तोच ४०७० टीआय म्हणून विकला, शंभर डॉलर कमी करून.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल. एका बाजूला ६१४४ कोअर, दुसऱ्या बाजूला १६,३८४. हा मेळ बसला तो एआयने मधल्या मध्ये रचलेल्या फ्रेम धरून. पडद्यावरची हालचाल त्याने गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर खेळाने दाद द्यायला लागणारा वेळ त्याने घटत नाही. त्यामुळे कंपनीच्या आलेखात एफपीएसचे खांब दिसले की फ्रेम जनरेशन चालू होतं की बंद, ती खालची बारीक ओळ आधी वाचावी.

काही गोष्टी कुठल्याच आकड्यात येत नाहीत. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्सचा खेळ रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय सुरूच होत नाही. १०८० टीआयची ४८४ जीबी बँडविड्थ तिथे बिनकामाची, आणि निम्म्या किमतीचं ३०६० तो खेळ चालवतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सेकंडहँड कार्ड बघत असाल तर जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्यावं. त्यात कोअर, बस, बँडविड्थ आणि लेन एकाच खिडकीत दिसतात. एएमडीचं आरएक्स ५८० म्हणून दाखवलेलं कार्ड २३०४ ऐवजी २०४८ कोअरचं आहे का, हे तिथेच कळतं. जुन्या जीटीएस ४५० च्या चिपवर बायोस बदलून तिला १०५० टीआय म्हणून खपवलं असेल, तर नावाच्या आधी 'फेक' असा शेरा येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर पुष्कळ कार्डं या बाजारात उतरली. त्यांची चिप बहुधा ठीक असते, थकलेले असतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड. म्हणून एखादा जड खेळ अर्धा तास चालवून तापमान बघू द्या म्हणावं, आणि विक्रेता कां-कूं करायला लागला तर पुढचं दुकान गाठावं.