खेळाडू राखावा की सोडावा : कबड्डी संघांच्या पुनर्करार-निर्णयाचे आर्थिक विवेचन

खोपोलीचा शिळफाटा हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील, बोरघाटाच्या पायथ्याचे ठिकाण. एका अंगास मुंबई आणि घाट चढून गेल्यावर पुणे, अशा दोन महानगरांच्या मध्ये वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत कबड्डी हा गावोगावच्या मंडळांचा खेळ आहे. या परिसरातील होतकरू चढाईपटूच्या दृष्टीने या दोन दिशांना २०१४ पासून एक नवा अर्थ प्राप्त झाला. त्या वर्षी २६ जुलै रोजी प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला आणि ‘यू मुंबा’ व ‘पुणेरी पलटण’ असे दोन व्यावसायिक संघ महाराष्ट्रात उभे राहिले. संघात निवड कशी होते, याची चर्चा गावच्या मैदानावर पुष्कळ होते. त्याहून कठीण असा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो असा : करार संपत आलेल्या खेळाडूला संघाने पुन्हा का घ्यावे, आणि का सोडावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन योजिले आहे.

१. जुनी व्यवस्था

लीगपूर्वीच्या महाराष्ट्रात खेळाडू राखण्याचे साधन लिलाव हे नव्हते. ते नोकरी हे होते. रेल्वे, पोलीस, बँका, तेलशुद्धीकरण कंपन्या, मोटार कारखाने यांचे संघ व्यावसायिक गटात खेळत व गावच्या मंडळातील गुणी खेळाडूस नोकरी देऊन आपल्याकडे ओढून घेत. एकदा नोकरी लागली की खेळाडू सहसा संघ सोडीत नसे, कारण मोबदला केवळ वेतनाचा नव्हता. मैदानावरील वर्षे संपल्यावरही पगार चालू राही आणि उतारवयात निवृत्तिवेतन मिळे. म्हणजे खेळाडूच्या आयुष्यातील दहाबारा उमेदीच्या वर्षांची किंमत त्याच्या तीसपस्तीस वर्षांवर पसरून दिली जाई. या व्यवस्थेत पुनर्कराराचा प्रश्न उद्भवतच नसे.

लीगने ही सांगड तोडली. आता प्रत्येक हंगामाचे मोल त्या हंगामापुरतेच ठरते. त्यामुळे खेळाडूस अल्पकाळात मोठी रक्कम मिळू लागली. पण त्याचबरोबर ‘राखावा की सोडावा’ हा निर्णय वारंवार घेणे संघांना क्रमप्राप्त झाले.

२. लिलावाची चौकट

लीगची रचना स्थूलमानाने अशी. प्रत्येक संघास खेळाडूंच्या वेतनासाठी एक ठराविक रक्कम असते. ती सातव्या हंगामात (२०१९) ४.४ कोटी रुपये होती. दहाव्या हंगामासाठी (२०२३-२४) ती ५ कोटी करण्यात आली. या मर्यादेत किमान १८ खेळाडूंचा ताफा उभारावयाचा असतो. हंगाम संपल्यावर काही खेळाडू संघास लिलावाबाहेर राखता येतात. उरलेले मोकळे होतात. मोकळ्या झालेल्या खेळाडूवर लिलावात शेवटची बोली लागल्यावरही पूर्वीच्या संघास, मर्यादित संख्येने, ती किंमत मान्य करून त्यास परत घेण्याचा हक्क असतो. यास ‘फायनल बिड मॅच’ असे म्हणतात.

अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेशी, म्हणजे एनबीएशी, याची तुलना उद्बोधक ठरेल. ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने चाललेल्या खटल्यात १९७६ मध्ये तडजोड झाली आणि तेथील खेळाडूंना करारानंतर मोकळे होण्याचा मार्ग खुला झाला. १९८४-८५ पासून तेथे वेतनमर्यादा आली. परंतु स्वतःच्या जुन्या खेळाडूस पुन्हा करारबद्ध करताना ती ओलांडण्याची सवलत संघास मिळाली. लॅरी बर्ड या खेळाडूच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. तेथील नियम जुन्या संघाला झुकते माप देतो. कबड्डीत मात्र वेतनमर्यादा सर्वांस सारखी बंधनकारक आहे. एका खेळाडूस दिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. अर्थशास्त्रात ज्यास संधी-व्यय म्हणतात, तो येथे अगदी उघड्या स्वरूपात दिसतो.

उदाहरणार्थ, ५ कोटींपैकी २.३५ कोटी एका खेळाडूवर खर्चिले, तर शेकडा ४७ भाग संपतो आणि उरलेल्या किमान १७ जणांसाठी सरासरी सुमारे १५.६ लाख रुपये राहतात. चटईवर सात खेळाडू उतरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यातील ताण ध्यानात येईल.

३. गुण आणि किंमत

कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याचे उदाहरण या विषयात जणू प्रयोगशाळेत घडल्यासारखे आहे. सहाव्या हंगामासाठी (२०१८-१९) यू मुंबाने त्यास ३६.४ लाखांना घेतले. त्या पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळविले. पुढील लिलावात तेलुगू टायटन्सने त्यास १.४५ कोटींना घेतले आणि सातव्या हंगामात त्याने २१७ गुण मिळविले. कामगिरी जवळजवळ तीच. किंमत मात्र चौपट. गुणामागील खर्च सुमारे १६,७०० रुपयांवरून ६६,८०० रुपयांवर गेला. पहिल्या हंगामात त्याच्या कर्तृत्वाचे आधिक्य संघाच्या पदरात पडले. दुसऱ्या हंगामात ते खेळाडूच्या पदरात पडले. खेळाडूच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. संघाच्या दृष्टीने प्रश्न असा, की मुंबईने त्यास जाऊ दिले ही चूक होती काय?

निकाल पाहता तसे दिसत नाही. सातव्या हंगामात यू मुंबा गुणतालिकेत चौथा आला व उपांत्य फेरीत बंगाल वॉरियर्सकडून ३५-३७ असा अवघ्या दोन गुणांनी हरला. टायटन्स मात्र बारा संघांत अकरावा राहिला. खेळाडूने २१७ गुण मिळवूनही संघ तळाशी का राहावा, हे समजण्यास खेळाच्या नियमांकडे वळावे लागते.

सामना ४० मिनिटांचा आणि एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. तेव्हा एका संघाच्या वाट्याला साधारणपणे चाळीस चढाया येतात. चढाया ही मर्यादित साधनसंपत्ती आहे. प्रमुख चढाईपटूने केलेली प्रत्येक चढाई दुसऱ्या कोणीतरी केलीच असती आणि तीतून काही गुण आलेच असते. म्हणून त्याचे खरे मोल एकूण गुणांत नसून, त्याच्या जागी सहज मिळू शकणाऱ्या पर्यायी खेळाडूपेक्षा त्याने किती अधिक गुण आणले, यात आहे. समजा, २० लाखांचा पर्यायी खेळाडू तेवढ्याच चढायांत १५० गुण मिळवितो. मग २१८ गुणांच्या खेळाडूचे अधिक योगदान ६८ गुणांचे ठरते. ३६.४ लाखांना घेतल्यास या प्रत्येक अधिक गुणास सुमारे २४,००० रुपये पडतात, १.४५ कोटींना घेतल्यास सुमारे १.८४ लाख. वरवर चौपट दिसणारी वाढ वस्तुतः साडेसातपट आहे.

दुसरे असे, की कबड्डीतील गुण हे संयुक्त उत्पादन आहे. बाद झालेला चढाईपटू स्वतः उठून आत येऊ शकत नाही. त्याच्या सहकाऱ्याने पकड केली अथवा गुण आणला तरच तो जिवंत होतो. बचाव दुबळा असेल तर उत्तम चढाईपटूही बराच काळ बाहेर बसून राहतो. त्यामुळे चढाईपटूच्या नावावर लिहिलेल्या गुणांत बचावपटूंचा अदृश्य वाटा असतो आणि संघ बदलताना तो वाटा मागेच राहतो.

४. उलट बाजूची उदाहरणे

वरील विवेचनावरून महागडा खेळाडू नेहमी सोडावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अर्जुन देशवाल सातव्या हंगामात मुंबईकडेच होता. आठव्या हंगामासाठी जयपूर पिंक पँथर्सने त्यास ९६ लाखांना घेतले. नवव्या हंगामात (२०२२) त्याने चढाईचे २९६ गुण मिळविले आणि जयपूर विजेता ठरला. यू मुंबा मात्र आठव्या, नवव्या व दहाव्या हंगामांत बाद फेरीपर्यंत पोहोचू शकला नाही. जो खेळाडू अद्याप चढणीवर आहे त्यास सोडण्याची किंमत किती, हे यावरून कळते. गेल्या हंगामाचे गुण हे त्या हंगामाचे मोजमाप होय. करार मात्र पुढील हंगामाचा असतो. वय, दुखापती आणि खेळातील वाढीची दिशा यांचा अंदाज चुकला की निर्णय चुकतो.

दुखापतीचा भाग तर कोणाच्याच हाती नसतो. पवन सेहरावत यास नवव्या हंगामासाठी तमिळ थलैवाजने २.२६ कोटींना, म्हणजे ४.४ कोटींच्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक रक्कम देऊन, घेतले. पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन तो हंगामास मुकला. तरीही नवोदित नरेंदरच्या चढायांवर थलैवाज उपांत्य फेरीत पोहोचला. सिद्धार्थ देसाईलाही आठव्या हंगामात टायटन्सने १.३० कोटींना पुन्हा घेतले, आणि तीन सामन्यांनंतर दुखापतीमुळे त्याचा हंगाम संपला. एकाच खेळाडूवर मर्यादेचा मोठा हिस्सा लावणे म्हणजे सारे पीक एकाच वावरात घेणे होय.

५. पुण्याचा प्रयोग

या दृष्टीने पुणेरी पलटणचे धोरण अभ्यसनीय आहे. दहाव्या हंगामासाठी पुण्याने इराणी बचावपटू मोहम्मदरझा शादलू यास २.३५ कोटींना घेतले. बाकीचा संघ अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, गौरव खत्री, अभिनेश नादराजन अशा, संघातच वाढलेल्या तरुणांचा होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुणे प्रथमच विजेते झाले. त्यानंतर शादलूला सोडण्यात आले. हरियाणाने त्यास २.०७ कोटींना घेतले आणि त्याच वर्षाअखेर हरियाणा विजेता झाला. पुणे त्या अकराव्या हंगामात आठव्या स्थानी राहिले.

एवढ्यावरून पाहिल्यास पुण्याचा निर्णय चुकीचा वाटेल. परंतु त्या हंगामात अस्लम इनामदार जायबंदी झाला होता, हे विसरता येत नाही. आणि बाराव्या हंगामात (२०२५) तोच तरुण गाभा घेऊन पुणे पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले व दबंग दिल्लीकडून २८-३१ असे हरले. एका हंगामाचा निकाल निर्णयाची कसोटी ठरू शकत नाही. तीन हंगामांत मिळून दोन अंतिम सामने हे अधिक विश्वसनीय प्रमाण होय. तरुणांना कमी किमतीत जोपासून राखणे आणि तयार खेळाडू आवश्यकतेनुसार एका हंगामापुरता घेणे, असे या धोरणाचे सूत्र सांगता येईल.

६. माहितीची विषमता

आता किंमत मान्य करण्याच्या हक्काकडे वळू. खेळाडूचा गुडघा किती खरा आहे, सरावात तो किती घाम गाळतो, हे त्याच्या जुन्या संघास जितके ठाऊक असते तितके कोणासही नसते. अशा स्थितीत परका संघ बोली जिंकतो ती केव्हा? जुन्या संघास ती किंमत जास्त वाटते तेव्हा. म्हणजे खेळाडू हाती लागणे हीच बाहेरच्यास सावधगिरीची सूचना ठरते. तेलक्षेत्रांच्या लिलावांच्या संदर्भात १९७१ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘विजेत्याच्या शापा’ची ही अधिक तीव्र आवृत्ती होय.

मात्र येथे एक भेद करावयास हवा. जुना संघ खेळाडूस दोन कारणांनी सोडतो : त्याच्यात दोष आढळला म्हणून, अथवा मर्यादेत रक्कम उरली नाही म्हणून. अकराव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या देवांक दलालने चढाईचे ३०१ गुण मिळविले व संघ अंतिम सामन्यात पोहोचला. तरी पुढील हंगामात तो २.२०५ कोटींना बंगालकडे गेला. पाटण्याने अयान लोहचब हा दुसरा तरुण चढाईपटू राखला होता. बाराव्या हंगामात पाटणा बाद फेरीत पोहोचले. बंगाल पोहोचले नाही. येथे सोडण्यामागे दोषाचा नव्हे, पर्याय घरात असण्याचा भाग दिसतो. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलच्या संदर्भात असे प्रतिपादिले होते, की खेळाडूवर हक्क कोणाचाही असो, अखेरीस तो जेथे त्याचे मोल सर्वाधिक तेथेच जातो. हक्काने ठरतो तो केवळ लाभ कोणास मिळावा हा प्रश्न. कठोर वेतनमर्यादा आली की या सिद्धान्तास मुरड घालावी लागते, कारण मोल जाणणाऱ्या संघाकडे पैसा उरलेला असेलच असे नाही.

७. खेळाडूची बाजू

आतापर्यंतचा विचार संघाच्या बाजूने झाला. परंतु ‘सोडणे’ या क्रियापदाचे कर्म हा एक माणूस असतो. वर उल्लेखिलेले खेळाडू कोट्यवधींचे आहेत. लिलावातील सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत अलीकडच्या हंगामांत ९ लाख रुपये राहिली आहे आणि त्या गटातील पुष्कळांवर बोलीच लागत नाही. कर्जत-खालापूरकडील एखादा तरुण लीगच्या आशेने नोकरीची संधी दवडतो, दोन हंगाम राखीव म्हणून काढतो आणि मग मोकळा होतो, तेव्हा त्याच्या हाती ना निवृत्तिवेतन असते ना पुढील करार. ज्यांचे अधिक योगदान मोजण्याइतकी संधीच मिळाली नाही, त्यांच्याविषयीचा निर्णय संघ सर्वांत कमी माहितीवर घेतो. आणि त्या निर्णयाचा परिणाम मात्र अशाच खेळाडूवर सर्वाधिक होतो.

समारोप

सारांश, पुनर्कराराचा निर्णय तीन प्रश्नांवर उभा राहतो. पर्यायी खेळाडूपेक्षा हा किती अधिक देईल? ते अधिक योगदान पुढील हंगामात टिकेल काय? आणि त्यासाठी द्यावयाच्या रकमेत संघाच्या इतर कोणत्या गरजा भागल्या असत्या? टाळ्या आणि मागील हंगामाचे आकडे यांपैकी एकाही प्रश्नाचे पूर्ण उत्तर देत नाहीत. जुन्या नोकरीच्या व्यवस्थेत खेळाडूस स्थैर्य होते, परंतु त्याच्या कर्तृत्वाचे खरे मोल त्यास क्वचितच मिळे. नव्या व्यवस्थेत मोल मिळते, परंतु स्थैर्य राहिलेले नाही. हंगामी कराराबरोबर दुखापतीचे संरक्षण व खेळोत्तर उपजीविकेची काही तरतूद जोडता येईल काय, हा संघांच्या हिशेबात अद्याप न मांडलेला चौथा प्रश्न आहे. शिळफाट्यावरून मुंबईची किंवा पुण्याची वाट धरणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तोच पहिला आहे.