बोट गेलं, तर बिल कुणाचं?

सुट्टी लागली की चाकण, भोसरी पट्ट्यातल्या छोट्या शॉपबाहेर 'हेल्पर पाहिजे'चे बोर्ड दिसायला लागतात. डिप्लोमावाले, बीकॉमवाले, स्पर्धा परीक्षेसाठी गावाहून आलेले, कुणीही जातं. जॉइन होताना तुम्ही काय विचारता? पगार किती, ओव्हरटाइम मिळतो का, फार तर जेवण आहे का. मशीनमध्ये हात सापडला तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. पहिल्याच दिवशी असलं अभद्र कोण बोलणार!

पण बोला. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या शॉपमध्ये पॉवर प्रेसखाली बोट जाणं ही नवलाची गोष्ट नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था या अपघातांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: बऱ्याच जणांच्या हातात ईएसआयसीचं कार्ड पडतं ते अपघात झाल्यावर.

खरं तर भरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हिशोबाचं सूत्र तेच राहिलंय. समजा, तुमचं वय २० आणि पगार महिना १२ हजार. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ७,२००, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. विशीला तो २२४ आहे. झाले १६ लाख १२ हजार ८००. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. म्हणजे २ लाख २५ हजार ७९२ रुपये. शिवाय उपचाराचा खरा खर्च वेगळा, तोही मालकानेच द्यायचा. आता 'हे घे दहा हजार, गावी जाऊन आराम कर' म्हणणाऱ्या शेठकडे जरा नीट बघा.

'चूक तुझीच होती' हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. नुसत्या निष्काळजीपणाने भरपाई बुडत नाही. नशेत असाल, किंवा मशीनचा गार्ड स्वतः मुद्दाम काढला असेल, तर मालक हात झटकू शकतो. आणि तेव्हाही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर नाही. प्रॉडक्शन वाढावं म्हणून सुपरवायझरनेच सेन्सर बंद करायला लावला असेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा. आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर काम करतोय' असं जॉइनिंगला लिहून घेतलं असेल, तर त्या कागदाने मालकाची जबाबदारी रद्द होत नाही.

ओडिशातल्या एका सुताराची केस यासाठी माहीत असावी. सिनेमा थिएटरच्या सजावटीचं काम करताना तो पडला, डावा हात कापावा लागला. उजवा शाबूत होता. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली, असं सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये ठरवलं. जखम केवढी यापेक्षा तुमचं काम कोणतं, हे बघितलं गेलं.

जिथे १० किंवा जास्त माणसं आहेत आणि तुमचा पगार २१ हजारांच्या आत आहे, तिथे बहुतेक ठिकाणी ईएसआय लागू असतो. पगारातून पाऊण टक्का कापला जातो. मग ही एकरकमी भरपाई नाही. त्याऐवजी मोफत उपचार, बरे होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर पेन्शन. म्हणून पहिल्या आठवड्यातच ईएसआयचा नंबर मागा. लाजू नका.

अपघात झालाच तर हॉस्पिटलच्या केस पेपरवर 'कामावर मशीनमध्ये दुखापत' असंच लिहून घ्या. 'घरी पडला' असं सांगायला लावणारे असतात, आणि तो एक शब्द पुढे फार महाग पडतो. रोख पगार असला तरी सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, शिफ्टचे फोटो, जीपेच्या नोंदी हे सगळं पुरावा म्हणून चालतं. मालकाला लेखी कळवा. दावा करायला दोन वर्षांची मुदत असते, पण सोबत काम करणारे साक्षीदार दोन वर्षं एका शॉपमध्ये टिकत नाहीत.

अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली नोंद असलेल्यांनाही दुखापतीची भरपाई आहे. नुसत्या सर्टिफिकेटवाल्या इंटर्नशिपचं मात्र अवघड, कारण तुम्ही 'कर्मचारी' आहात का, इथूनच वाद सुरू होतो. डिलिव्हरी करणाऱ्यांचंही तेच. नव्या संहितेत गिग कामगारांची व्याख्या आहे, कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के वाटा सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचा अशी तरतूद आहे. तरी कायद्याच्या भाषेत तुम्ही अजून कर्मचारी नाहीच. ई-श्रमवर नोंदणी करा, आणि अ‍ॅपमधल्या अपघात विम्याच्या अटी एकदा वाचा. ऑर्डर घेतलेली असतानाच तो लागू आहे की लॉग-इन असतानाही, हे आधी बघा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसत असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगारांना आणि महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.