‘हा खेळ नाही’ असे सांगणारे खेळ

डिसेंबर २००९ मध्ये अभिनेता आमिर खान काही दिवस ‘हरवला’ होता. वेष पालटून तो देशभर फिरत होता आणि लोकांनी त्याला शोधून काढावे म्हणून मधूनमधून एखादा धागा सोडत होता. वाराणसीत त्याने आपल्या आईचे जुने घर शोधले. कोलकात्यात सौरव गांगुलीच्या दारात तो साधा चाहता बनून उभा राहिला, तेव्हा पहारेकऱ्याने त्याला ओळखले नाही आणि आत सोडलेही नाही. आपल्या मध्यप्रदेशात तो चंदेरीजवळच्या प्राणपूर गावात विणकरांच्या घरी गेला. तेथे करीना कपूरही बरोबर होती. आपल्या आई-आजीच्या पेटीत जी चंदेरी साडी जपून ठेवलेली असते, ती विणणाऱ्यांचे हे गाव.

ही सारी खटपट २५ डिसेंबर २००९ ला प्रदर्शित झालेल्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटासाठी होती. दिग्दर्शक राजकुमार हिराणी मूळचे नागपूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. चित्रपटाची कथा आठवा. रँचो नावाचा मित्र नाहीसा झाला आहे आणि बाकीचे दोघे त्याला शोधायला निघाले आहेत. तिकीट काढण्यापूर्वीच प्रेक्षकाला त्या शोधात ओढून घ्यावे, ही यामागची कल्पना. भिंतीवरचे पोस्टर बघून आपण पुढे जातो. पण हरवलेला माणूस कदाचित आपल्याच बसमध्ये बसलेला असेल असे कोणी सांगितले, तर आपण शेजारच्या चेहऱ्याकडे दोनदा पाहतो.

अशा खेळाला इंग्रजीत ‘अल्टर्नेट रिॲलिटी गेम’ म्हणतात. आपण त्याला ‘पर्यायी वास्तवाचा खेळ’ म्हणू. यात पट नाही, सोंगट्या नाहीत, संगणकाच्या पडद्यावर उड्या मारणारा बाहुला नाही. एक काल्पनिक गोष्ट तुकडे तुकडे करून खऱ्या जगात पेरलेली असते. एक तुकडा संकेतस्थळावर, एक वर्तमानपत्रात, एक टेलिफोनच्या उत्तरात, एक रस्त्यावरच्या भिंतीवर. खेळणाऱ्यांनी ते वेचायचे आणि जोडायचे. खेळ चालवणारे पडद्यामागे राहतात आणि ‘हा खेळ आहे’ असे शेवटपर्यंत कबूल करीत नाहीत. ‘हा खेळ नाही’ हेच त्यांचे ब्रीदवाक्य समजले जाते.

या प्रकाराचा पहिला मोठा नमुना २००१ सालचा. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ए. आय.’ हा यंत्रमानवावरचा चित्रपट त्या वर्षी जून महिन्यात यायचा होता. त्याच्या जाहिरातीत कलाकार-तंत्रज्ञांच्या नावांची यादी होती आणि त्यात एक विचित्र नोंद होती : जनीन सॅला, जाणीव असलेल्या यंत्रांची उपचारतज्ज्ञ. असा हुद्दा जगात कोठेच नाही! ज्यांना कुतूहल वाटले त्यांनी ते नाव महाजालावर शोधले, तर त्यांना सन २१४२ मधल्या एका विद्यापीठाचे संकेतस्थळ सापडले. त्यातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे. इव्हान चॅन नावाच्या माणसाच्या मृत्यूचे गूढ हळूहळू उलगडू लागले. जाहिरातीतल्या काही अक्षरांवर बारीक खाचा होत्या. त्या मोजून मांडल्या की टेलिफोन क्रमांक तयार होई, आणि तो फिरवला की खरोखर निरोप ऐकू येई.

हा खेळ मायक्रोसॉफ्ट कंपनीतील जॉर्डन वाइझमन, इलॅन ली आणि लेखक शॉन स्टुअर्ट आदी मंडळींनी रचला होता. त्यांची एक फजिती सांगण्यासारखी आहे. तीन महिने पुरतील म्हणून जी कोडी करून ठेवली होती, ती लोकांनी एका दिवसात सोडवली! कारण कोडी सोडवणारा एक माणूस नव्हता. ‘क्लाउडमेकर्स’ या नावाने सात हजारांहून अधिक लोक एकत्र आले होते. कोणाला संगीत येई, कोणाला गणित, कोणाला परकी भाषा. एखाद्याला जे अडे ते दुसऱ्याला सहज सुटे. मग रचनाकारांना रात्री जागून नवी कोडी घडवावी लागली. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात शाळेने घेण्यासारखी गोष्ट असेल तर हीच. जाहिरात विसरली गेली तरी चालेल.

पुढे २००४ मध्ये ‘हेलो २’ या संगणकीय खेळासाठी मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईचे संकेतस्थळ उभारले गेले. ते बिघडल्यासारखे दिसे आणि त्यावर नुसते आकडे येत. ते आकडे म्हणजे अक्षांश-रेखांश होते हे लोकांनी ओळखले. एकूण २१० ठिकाणे. त्या ठिकाणी दिलेल्या वेळी जाऊन उभे राहिले की तिथला सार्वजनिक टेलिफोन वाजायचा. (भूगोलाच्या तासाला ‘हे कशाला शिकायचे?’ असे विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आपले पांढुर्णे सुमारे २१.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे.) डिसेंबर २००७ मध्ये ‘द डार्क नाइट’ या चित्रपटासाठी तर अमेरिकेतल्या बेकऱ्यांत केक ठेवले होते आणि केक कापला की आतून मोबाईल फोन निघत होता.

पालक विचारतील, एवढा खर्च करून कंपनीला काय मिळते? कंपनीला तोंडोतोंडी होणारी प्रसिद्धी मिळते. जी गोष्ट आपण स्वतः शोधली ती आपण दहा जणांना सांगतो. विकत घेतलेल्या जाहिरातीला ते भाग्य नाही. एकाकडून दुसऱ्याला साथीसारखी पसरते, म्हणून या प्रकाराला ‘व्हायरल’ जाहिरात म्हणतात. कुतूहल जागवून गर्दी खेचण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. सुरतेला प्रेक्षक येईनात, तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे तीन आण्यांत! आता हिशेब करून पाहा. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. म्हणजे ५९,२०० चित्रे. छायाचित्रांचा आकडा तर बरोबर निघाला. पण मैल ५,२८० फुटांचा. तेव्हा ते ‘दोन मैल’ प्रत्यक्षात पाऊण मैलही भरत नाहीत. जाहिरातदार एका खऱ्या आकड्याशेजारी एक फुगवलेला आकडा कसा बसवतो, याचा एवढा चांगला धडा गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही.

आणि पर्यायी वास्तवाचा खेळही आपल्याला नवा नाही. बहुरूपी आठवा. खाकी गणवेश, हातात वही, दारात उभा राहून तो दरडावतो, ‘तुमच्या नावाने वॉरंट आहे, चला ठाण्यात!’ क्षणभर घरातले गोंधळतात, लहान मुले आईच्या पदराआड लपतात. मग त्याच्या बोलण्यातली गंमत लक्षात येते, सगळे हसतात आणि त्याच्या झोळीत धान्य किंवा हातावर पैसे पडतात. पिढ्यानपिढ्यांची ही कला आहे. तिच्यात एक अलिखित करार असतो. सोंग कितीही हुबेहूब असले तरी शेवटी बहुरूपी स्वतःच ते उघड करतो आणि बिदागी मागतो, तीही तुम्ही हसल्यानंतर.

हा शेवट कोणी कापून टाकला तर काय होते, ते आता सांगावे लागेल. पाकिस्तानात कराचीच्या एका संस्थेने हरवलेल्या मुलांबद्दल लोकांना जागे करण्यासाठी एक छोटी चित्रफीत केली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. थोड्या वेळाने ते परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मुले जपा अशा अर्थाचा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला. उरलेला तुकडा २०१८ मध्ये भारतभर मोबाईलवर फिरला आणि ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ असे त्याच्याखाली लिहिले गेले. त्या वर्षी अशा अफवा गावोगाव होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. ते मंगळवेढ्याकडचे, भटकंती करून पोट भरणारे लोक होते. मुले पळवणारे नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

जाणकारांचीही अशी चूक होऊ शकते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमाने आदळली, तेव्हा क्लाउडमेकर्सपैकी काहींनी ‘हेही कोडे आपण सोडवू’ असे म्हणायला सुरुवात केली होती. काही आठवड्यांपूर्वी संपलेला खेळ त्यांच्या डोक्यातून उतरला नव्हता. गटाच्या चालकांनी त्यांना थांबवले, हा खेळ नाही असे या वेळी खरोखर सांगितले.

मागच्या काही वर्षांत बहुरूप्याचे पोलिसी सोंग भामट्यांनी उचलले आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे कार्यालयाचा देखावा असतो. तुमच्या नावाने पार्सलात गैर वस्तू सापडली, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, कोणाशी बोलू नका, पैसे पाठवा, असे तो सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये स्पष्ट सांगितले की कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. अशा वेळी १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. विशेषतः ज्यांची मुले पुण्या-नागपूरला नोकरीला आहेत आणि घरी दोघेच वडीलधारे आहेत, त्यांना नातवंडांनी हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

‘कोणाशी बोलू नका’ या शब्दांकडे लक्ष द्या. जाहिरातीचा खेळ चारचौघांत बोलल्याशिवाय पुढेच जात नाही. त्याला गर्दी हवी असते. भामट्याला तुम्ही एकटे हवे असता. खेळ तुमच्याकडून फार तर चित्रपटाच्या तिकिटाची अपेक्षा ठेवतो, तीही सर्वांत शेवटी. इकडे मात्र पहिल्या तासाभरातच पैसे, पासवर्ड किंवा मोबाईलवर आलेला अंक मागितला जातो.

विश्वस्त मंडळापुढे आमची एक सूचना आहे. पुढील स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी नववीच्या विद्यार्थ्यांना असा एक छोटा खेळ रचू द्यावा. नाटकातले एखादे पात्र आठ दिवस आधी ‘हरवावे’. धागे कोठे सापडावेत हे मुले ठरवतील. फळ्यावरच्या सुविचारात एक चुकीचे अक्षर, ग्रंथालयातल्या एका पुस्तकात ठेवलेले कार्ड, तिगाव स्थानकावरच्या गाडीच्या वेळेत दडलेला आकडा, संत्र्याच्या पेटीवर खडूने काढलेली खूण. स्थानकावर जाणाऱ्या गटाबरोबर एक शिक्षक असावेत आणि रुळांकडे कोणी फिरकू नये. मात्र ‘मुलगा हरवला’ अशी चिठ्ठी किंवा निरोप गावात कोणाच्याही हाती जाता कामा नये. हरवलेले पात्र पुराणातले किंवा इतिहासातले असावे, म्हणजे घाबरण्याचा प्रश्न उरत नाही. खेळाचा पूर्ण आराखडा आधी मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्यावा आणि पडदा उघडताच तो सर्वांसमोर वाचून दाखवावा. कोडी कठीणच करा. सहावीतली मुले ती एका दिवसात सोडवतील अशी आम्हाला शंका आहे, म्हणून राखीव कोडीही तयार ठेवा.